फिनलंड आणि जपानच्या शाळा: नेमकं वेगळं काय, सारखं काय?

रानजाई

जपानमधली दुसरीतली मुलं एक ते नऊचे पाढे ठेक्यात म्हणतात आणि सहावी संपेपर्यंत १,०२६ कांजी शिकतात. फिनलंडमध्ये पहिलीच सातव्या वर्षी सुरू होते आणि लहान वर्गांचा आठवडा वीस-बावीस तासिकांत आटोपतो. त्यामुळे शिक्षणाच्या गप्पा निघाल्या की आपण या दोन देशांना समोरासमोर उभं करतो. एकाला मोकळीक म्हणायचं, दुसऱ्याला शिस्त, आणि ज्याला जे आवडेल ते त्यानं उचलायचं. माझी मुलगी आधी तोक्योतल्या सरकारी प्राथमिक शाळेत होती, आता फिनलंडमधल्या एस्पो शहरात पालिकेच्या शाळेत जाते. दोन्हीकडे पालक म्हणून वावरल्यावर ही मांडणी मला अपुरी वाटते. सविस्तर लिहिते आहे, तुमचेही अनुभव यावेत.

फिनलंडची गोष्ट सहसा शेवटाकडून सांगतात. शाळा तपासायला कोणी येत नाही, पुस्तक शिक्षक निवडतो, दहावीसारखी परीक्षा नाही. हे खरं आहे, पण तपासनीस आणि पुस्तकांची सरकारी मंजुरी गेली ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधीची वीस वर्षं काय चाललं होतं ते फारसं कोणी सांगत नाही. १९६० च्या दशकापर्यंत तिथेही दहा-अकरा वर्षांच्या मुलांची वाटणी व्हायची. काही मुलं विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, बाकीची लवकर कामाला लावणाऱ्या वाटेवर. १९६८ च्या कायद्यानं ही वाटणी मोडायचं ठरवलं. १९७२ मध्ये उत्तरेकडच्या लॅपलँडपासून सुरुवात झाली आणि १९७७ पर्यंत नऊ वर्षांची एकच समान शाळा राजधानीच्या परिसरापर्यंत पोचली. सगळ्यात दूरच्या, विरळ वस्तीच्या भागाला पहिला मान मिळाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या वीस वर्षांत अभ्यासक्रम वरून यायचा, तोही बारीकसारीक तपशिलांसह. पुस्तकं मंजूर करून घ्यावी लागत. गणित आणि परभाषांसाठी मुलांचे कुवतीप्रमाणे गट होते, ते १९८५ मध्ये बंद झाले. याच काळात शिक्षकांचं शिक्षण विद्यापीठांत गेलं आणि १९७९ पासून पहिलीच्या वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. एवढं झाल्यावर मग सरकारनं हात सैल केला. व्हिडिओंमध्ये जे दिसतं ते या सगळ्याच्या शेवटी आलेलं आहे.

जपानमध्ये १९४७ पासून सहा अधिक तीन अशी नऊ वर्षं सगळ्यांना सक्तीची आहेत. अभ्यासक्रमाची चौकट शिक्षण मंत्रालय ठरवतं आणि साधारण दहा वर्षांनी बदलतं. पुस्तकं खासगी प्रकाशक काढतात, पण मंत्रालयाच्या तपासणीतून गेल्याशिवाय ती वर्गात येत नाहीत. मुलांना ती फुकट मिळतात. सरकारी शाळेतला शिक्षक एका शाळेचा नसतो. त्याची नेमणूक प्रांताकडून किंवा मोठ्या शहराकडून होते आणि काही वर्षांनी बदली ठरलेलीच. त्यामुळे चांगले शिक्षक एका नामांकित शाळेत आणि उरलेले डोंगरावर, असं सहसा घडत नाही.

आणि आता ज्यासाठी हा धागा काढायचं मनात होतं ती गोष्ट. जपानी शिक्षक एकमेकांचे पाठ पाहतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची ही पद्धत आहे. शाळेतले शिक्षक मिळून एखादी अडचण निवडतात, समजा वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज. एक जण पाठ लिहून काढतो: सुरुवातीला कुठला प्रश्न टाकायचा, मुलं त्याची काय काय उत्तरं देतील, चुकीचं उत्तर आलं तर त्याच्या आधारानं पुढे कसं जायचं. मग तो पाठ खऱ्या वर्गात होतो आणि बाकीचे शिक्षक भिंतीला लागून उभे राहतात. त्यांची नजर असते मुलांच्या वह्यांवर. कोण कुठे थांबलं, कोणी खोडलं, शेजारच्याचं पाहून कोणाला उलगडलं, हे ते टिपतात. त्या दिवशी शाळा सुटल्यावर पाठाची चर्चा होते आणि ती पाठाची असते, शिक्षकाची नाही. फळासुद्धा नीट आखलेला असतो. तासाच्या सुरुवातीचा प्रश्न, मधल्या चुका आणि शेवटचं उत्तर हे सगळं डावीकडून उजवीकडे उरलेलं असतं. मध्येच पुसत नाहीत, म्हणजे मागे पडलेल्या मुलाला मान वर केली की वाट सापडते.

माझं म्हणणं असं. दोन्ही देशांनी कोवळ्या वयात मुलांची वाटणी करायची नाही असं ठरवलं आणि दोन्हींनी शिक्षकावर मोठा खर्च केला. फिनलंडनं तो शिक्षक वर्गात पाऊल ठेवण्याआधी केला, पाच वर्षांच्या विद्यापीठातल्या शिक्षणावर. जपाननं तो शिक्षक नोकरीत आल्यावर, सहकाऱ्यांच्या संगतीत घडू दिला. मोकळीक आणि शिस्त या दोन्ही गोष्टी त्यानंतर येतात.

काळा_फळा

ताई, मनापासून आभार. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत चौथीपर्यंत शिकवतो. पाठ पाहण्याचा परिच्छेद मी दोनदा वाचला.

आमच्याकडे केंद्र पातळीवर शिक्षण परिषद भरते. कल्पना बरीचशी हीच. केंद्रातल्या शाळांचे शिक्षक एकत्र यावेत, कोणी नमुना पाठ घ्यावा, त्यावर बोलावं. केंद्रप्रमुख उत्साही असले की खरंच रंगते. हातच्याची वजाबाकी काड्यांच्या गठ्ठ्यांनी कशी मांडायची हे मी अशाच एका परिषदेत एका ज्येष्ठ बाईंकडून शिकलो, आजही तसंच शिकवतो. पण कित्येकदा सगळा वेळ सूचना ऐकण्यात आणि तक्ते भरण्यात जातो, आणि पाठ झालाच तर ‘छान झाला’ म्हणून टाळ्या वाजतात. मुलांच्या वह्यांकडे बघत उभं राहायचं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

दोन प्रश्न आहेत. पाठ चालू असताना बाकीच्या वर्गांतली मुलं कुठे असतात? आणि फिनलंडमध्ये गृहपाठ अजिबात नसतो हे खरं का?

रानजाई

गुरुजी, ज्या वर्गावर पाठ असतो तो सोडून बाकीच्या मुलांना त्या दिवशी लवकर सोडतात. पालकांना आधी कळवलेलं असतं, कुरकुर ऐकली नाही.

फिनलंडमध्ये गृहपाठ असतो. लहान वर्गांत थोडा, वाचनाचं एखादं पान, पाच-सहा उदाहरणं. सातवीपुढे वाढतो. परीक्षाही असतात, शिक्षक स्वतः काढतो आणि चार ते दहा या पट्टीवर गुण देतो. देशभर सगळ्यांची एकच परीक्षा मात्र शाळेच्या अगदी शेवटी, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांची, तीही लुकिओत म्हणजे उच्च माध्यमिकला गेलेल्यांचीच. ती १८५२ पासून चालू आहे.

आडवाटेवर

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण फिनलंडचं कौतुक करताना आकडे बघायला हवेत. पिसा म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. २००० च्या पहिल्या पिसा चाचणीत वाचनात फिनलंड ५४६ गुणांसह पहिला होता. २००६ मध्ये विज्ञानात ५६३, गणितात ५४८. २०२२ मध्ये गणित ४८४, वाचन ४९०, विज्ञान ५११. गणितात चौसष्ट गुणांची घसरण ही किरकोळ गोष्ट नाही. त्याच २०२२ मध्ये जपान गणितात ५३६, विज्ञानात ५४७, वाचनात ५१६. गणित आणि विज्ञान दोन्हींत ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेच्या सदस्य देशांत जपान पहिला आला.

माझा साधा प्रश्न: मोकळीक फळली असती तर घसरण का झाली? की २००० सालची ती हुशार मुलं जुन्या कडक व्यवस्थेचंच पीक होती?

बर्फाळ_सकाळ

मी फिनलंडमधल्या ताम्पेरेच्या एका शाळेत सहायक म्हणून काम करते. वर्गशिक्षक नाही, पण दिवसभर वर्गातच असते, म्हणून लिहिते.

आडवाटेवर, तुमचा दुसरा प्रश्न इथले लोकही विचारतात आणि तो रास्त आहे. २००० मध्ये पंधरा वर्षांची असलेली मुलं १९९० च्या आसपास शाळेत आली. त्यांना शिकवणारे बरेच शिक्षक १९७०-८० च्या घट्ट चौकटीत तयार झालेले होते. पण त्या मुलांनी शाळेतली बहुतेक वर्षं काढली ती तपासनीस गेल्यानंतर. त्यामुळे जुन्या किंवा नव्या, कुठल्याच एका पारड्यात ते यश टाकता येत नाही.

घसरणीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगता येते. ती २००६ नंतर लगेच दिसू लागली, आणि विषयांच्या भिंती ओलांडून शिकवायला सांगणारा नवा अभ्यासक्रम लागू झाला २०१६ च्या ऑगस्टमध्ये. त्यामुळे ‘प्रकल्प करायला लावले म्हणून गणित बिघडलं’ हे गणित काळाच्या हिशोबातच बसत नाही. आमच्या शिक्षकखोलीत ज्या गोष्टींवर बोलणं होतं त्या अशा: मुलं पुस्तकं वाचेनाशी झाली, त्यातही मुलगे, १९९० च्या मंदीत आणि नंतर पुन्हा पालिकांनी खर्च कापला, घरी फिनिश न बोलणारी मुलं वाढली आणि त्यांच्यासाठीची तयारी उशिरा झाली, आणि पडदे. २०२५ च्या ऑगस्टपासून कायद्यानंच तासाला मोबाइल वापरायला बंदी आहे, शिक्षकानं परवानगी दिली तरच. रिहिमाकी नावाच्या गावानं २०२४ मध्ये मोठ्या वर्गांना पुन्हा छापील पुस्तकं दिली. दहा वर्षं तिथे बहुतेक काम लॅपटॉपवर चालत होतं.

मला इथे सगळ्यात मोलाचं वाटतं ते आकड्यांत येत नाही, त्यावर सवडीनं लिहीन.

सहावा_माळा

मी नागोयाला राहतो, मुलगा चुगाक्कोत, म्हणजे सातवी ते नववीच्या शाळेत, आपल्या हिशोबानं आठवीत. रानजाई ताईंनी लिहिलंय ते प्राथमिक शाळेला शंभर टक्के लागू आहे. जपानची प्राथमिक शाळा ही मी पाहिलेल्या शाळांत सर्वांत आनंदी जागा. पण बारावं वर्ष ओलांडलं की चित्र पालटतं, ते इथे यायलाच हवं.

पंधराव्या वर्षी उच्च माध्यमिकची प्रवेश परीक्षा आहे. त्यासाठी हेन्साची नावाचा आकडा असतो. चाचणीला बसलेल्या मुलांत तुमचं मूल सरासरीच्या किती वर किंवा खाली, ते सांगणारा. पन्नास म्हणजे मध्यावर. घराघरांत या आकड्यावर कुजबुज चालते. मुलगा शाळेतून येतो, जेवतो आणि जुकूला जातो. जुकू म्हणजे आपले क्लासेस, तेच फलक, तेच निकालाचे फोटो. पिसामधल्या ५३६ गुणांत या संध्याकाळच्या तासांचा वाटा किती, हे शाळेच्या खात्यातून कोणी वेगळं काढून दाखवत नाही. आणि तोक्योत तर पैसेवाल्या घरांतली बरीच मुलं बाराव्या वर्षीच खासगी शाळांच्या परीक्षेला बसतात. म्हणजे समान शाळा कागदावर नऊ वर्षांची, मोठ्या शहरात अनेकांसाठी सहाच वर्षांची.

दुसरं, शिक्षक. ओईसीडीच्या २०१८ च्या पाहणीत माध्यमिक शिक्षकांचा आठवडा सरासरी ३८.३ तासांचा होता. जपानचा ५६. पाहणीतल्या सगळ्या देशांत सर्वाधिक. फिनलंडचा तेहतीसच्या आसपास. जपानी शिक्षकाला संध्याकाळचे आणि सुटीच्या दिवसाचे खेळांचे संघ सांभाळावे लागतात, मूल दुकानात काही गैर करताना सापडलं तरी फोन शिक्षकाला जातो. आणि १९७१ च्या कायद्यानुसार जादा तासांचे पैसे नाहीत, पगाराच्या चार टक्के ठोक रक्कम मिळायची. ती टप्प्याटप्प्यानं दहा टक्के करायचा कायदा व्हायला २०२५ उजाडलं. आता तरुण या पेशाकडे वळत नाहीत, भरतीला अर्ज कमी येतात. सहकाऱ्यांच्या संगतीत शिक्षक घडतो हे सुंदर आहे, पण ती संगत त्याच्या घरच्या वेळेतून कापून घेतलेली आहे.

तिसरं सांगताना मन जड होतं. शाळेत जाणंच थांबवलेली मुलं. प्राथमिक आणि चुगाक्को मिळून २०२३ या शैक्षणिक वर्षात ३,४६,४८२. वर्षात तीस किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर, आजारपण किंवा पैशांची अडचण नसताना. आमच्या मुलाच्या वर्गातही एक बाक रिकामा असतो. शिक्षक त्या घरी नियमानं जातात, पत्रकं देतात, आईशी बोलतात. मुलगा खोलीबाहेर येत नाही.

रानजाई

सहावा_माळा, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आम्ही मुलगी लहान असतानाच तिथून निघालो, त्यामुळे चुगाक्को आतून पाहिलं नाही.

फरकाचं मूळ मला पंधरा-सोळाव्या वर्षापाशी दिसतं. फिनलंडमध्ये त्या वयात प्रवेश परीक्षा सहसा नसते, शाळेच्या गुणांवर अर्ज करायचा. चाळीस टक्क्यांहून अधिक मुलं व्यवसाय शिक्षणाकडे जातात, आणि सुतारकाम किंवा नर्सिंग शिकलेल्या मुलीला नंतर विद्यापीठाचं दार बंद नसतं. २०२१ पासून अठरा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं आहे, आणि त्या वर्षांतली पुस्तकंही फुकट झाली आहेत. पुढची वाट बंद होणार नाही हे माहीत असलं की चौदाव्या वर्षी क्लास लावायची घाई कोणाला होत नाही. हेलसिंकीच्या नामांकित लुकिओंसाठी चुरस आहे, नाही असं नाही. पण तिच्याभोवती क्लासेसचा बाजार उभा राहिलेला नाही.

पागोळी

युतोरीचा, म्हणजे जपानमधल्या सैल, मोकळ्या शिक्षणाच्या धोरणाचा, उल्लेख अजून कसा कोणी केला नाही? जपाननं स्वतःहून मोकळिकीची वाट धरून पाहिली आहे आणि त्या प्रयोगाकडे बघितल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही.

परीक्षेच्या दडपणाविषयीची ओरड जपानमध्ये जुनीच होती. म्हणून २००२ पासून अभ्यासक्रम जवळपास तीस टक्क्यांनी कमी केला, शनिवारची शाळा पूर्ण बंद केली आणि सर्वसमावेशक अभ्यास नावाचा नवा तास आणला, ज्यात मुलांनी गावातली नदी, बाजार, म्हातारी माणसं असे विषय घेऊन स्वतः शोध घ्यायचा. हेतू उत्तम होता. नंतर २००४ च्या अखेरीस पिसा २००३ चे निकाल आले. गणितात जपान पहिल्यावरून सहाव्यावर, वाचनात आठव्यावरून चौदाव्यावर. देशात गदारोळ झाला. २००७ मध्ये सहावी आणि नववीसाठी देशव्यापी चाचणी पुन्हा सुरू झाली, २०११ पासून तास आणि आशय पुन्हा वाढवला. त्या वर्षांत शाळेत असलेली मुलं आज विशी-तिशीत आहेत आणि अजूनही ‘युतोरी पिढी’ म्हणून त्यांना नावं ठेवली जातात. त्या मुलांचा काय दोष?

माझ्या मते हेतू चुकला नव्हता. शोधाचा तास घ्यायचा कसा याची तयारी शिक्षकांना पुरेशी दिली नाही, आणि वरच्या प्रवेश परीक्षा होत्या तशाच राहिल्या. शाळेतून काढलेला तास जुकूनं उचलला. ज्यांना जुकू परवडत नव्हतं त्यांच्या मुलांच्या हाती मोकळा शनिवार तेवढा आला. याच काळात जपानी शिक्षकांची आणि अधिकाऱ्यांची शिष्टमंडळं फिनलंडला जाऊ लागली होती, कारण त्याच चाचणीत फिनलंड वर होता. रानजाईंनी लिहिलेला क्रम, आधी शिक्षक आणि समान वाट, मग मोकळीक, त्याचा पुरावा मला युतोरीत सापडतो.

काळा_फळा

पागोळी, शेवटचा परिच्छेद काळजाला भिडला. मोकळा शनिवार कोणाच्या वाट्याला कसा येतो हे आम्ही गावात रोज बघतो. कोणी बागेत जातो, कोणी कांदा काढायला.

चिंचेची_सावली

मला मुलांनी वर्ग झाडण्याबद्दल बोलायचं आहे. आमच्या मुलाच्या शाळेत पालकसभेत कोणीतरी जपानचा व्हिडिओ दाखवला आणि ‘आपणही सुरू करू या’ म्हणून उत्साह आला. माझ्या अंगावर काटा आला. माझे वडील ज्या शाळेत शिकले तिथे झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे आडनावावरून ठरत असे. आजही कित्येक शाळांत मुली झाडतात आणि मुलगे बाक उचलण्याच्या नावाखाली बाहेर असतात. आपल्याकडे झाडूला इतिहास आहे. तो विसरून ही गोष्ट उचलता येणार नाही.

जपानमध्ये हे नेमकं कसं चालतं, कोणी सांगेल का? कोण ठरवतं?

रानजाई

चिंचेची_सावली, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

तिथे वर्गातली सगळी मुलं पाच-सहाच्या गटांत असतात आणि गटांना कामं फिरून फिरून येतात. या आठवड्यात वर्ग, पुढच्या आठवड्यात जिना, मग स्वच्छतागृह. तक्ता भिंतीवर असतो, गोल चकतीचा, फिरवला की काम बदलतं. त्यातून कोणी सुटत नाही, डॉक्टरचं मूल नाही, परदेशी मूल नाही. शिक्षक स्वतः फडकं घेऊन वाकतो, आणि मुख्याध्यापकांना अंगण झाडताना मी पाहिलं आहे. पंधरा-वीस मिनिटं, बहुतेक शाळांत जेवणानंतर. शिक्षा म्हणून हे काम दिलं जात नाही.

शिवाय झाडणं हा एका मोठ्या गोष्टीचा तुकडा आहे. जेवण वाढणं, दिवसाचा प्रमुख होऊन सभा चालवणं, वर्गातली भांडणं वर्गसभेत सोडवणं, सहल आखणं, या सगळ्याला अभ्यासक्रमात जागा आहे आणि त्याला तोक्कात्सू म्हणतात. इजिप्तनं जपानच्या मदतीनं काही सरकारी शाळांत हे सुरू केलं, तर तिथेही झाडण्यावरून पालक आधी बिथरले होते. वर्गसभा, फिरता प्रमुख, शिक्षकाचा सहभाग हे सगळं सोडून फक्त झाडू आणला, तर आपल्याकडे तो जुन्याच हातांत जाईल ही तुमची भीती मला पूर्ण पटते. पालकसभेत हेच मांडा.

फिनलंडमध्ये वर्ग सफाई कर्मचारी साफ करतात. पण शिवण आणि सुतारकाम मुलगा-मुलगी दोघांनाही सक्तीचं, आणि सातवीत सगळ्यांना गृहशास्त्र. भाजी चिरणं, भाकरी भाजणं, ओटा पुसणं, कपडे कोणत्या पाण्यात धुवायचे, हे सगळे मुलगे शिकतात.

सहावा_माळा

जेवणाचं थोडं. फिनलंडनं १९४३ मध्ये कायदा केला, युद्ध चालू असताना, आणि १९४८ पासून प्रत्येक मुलाला शाळेत फुकट गरम जेवण आहे. जपानमध्ये पहिलं शालेय जेवण १८८९ मध्ये यामागाताच्या त्सुरुओका गावात गरीब मुलांना दिलं गेलं, कायदा १९५४ चा. इथे साहित्याचे पैसे पालक भरत आले आहेत, आता अनेक पालिका माफ करतात. मुलं पांढरे अंगरखे घालून वाढतात, शिक्षक वर्गातच त्यांच्याबरोबर तेच जेवतो. आहारतज्ज्ञ शिक्षक असतो, तो मासा कुठून आला तेही सांगतो.

अवांतर, पण मराठी माणसांसाठी आनंदाचं: मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी उच्च माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले, २०२३ मध्ये. त्याआधी ते एदोगावाच्या स्थानिक परिषदेत निवडून आले होते.

ओलेती

सगळा धागा आज एका दमात वाचला. माझी मुलगी तिसरीत आहे. बोलण्यात, चित्रात, गोष्टी रचण्यात पुढे, पण अक्षरं तिला साथ देत नाहीत. ‘क’ आणि ‘फ’ अजून गोंधळतात, ओळ वाचताना ती घामाघूम होते. शाळेत सांगितलं की आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू. तपासणीसाठी नंबर लावला आहे, तारीख लांबची मिळाली आहे. तोपर्यंत ती रोज वर्गात वाचायला उभी राहते आणि रोज पोट दुखतं म्हणते.

अशा मुलांचं या दोन देशांत काय होतं? मला आकडे नकोत, वर्गात काय होतं ते हवं आहे.

बर्फाळ_सकाळ

ओलेती, मी वर म्हटलं होतं की मोलाची गोष्ट आकड्यांत येत नाही, ती हीच.

इथे प्रत्येक शाळेला विशेष शिक्षिका असते, किंवा लहान शाळा असेल तर दोन-तीन शाळांत मिळून एक. पहिलीच्या सुरुवातीलाच ती सगळ्या मुलांची अक्षरं आणि ध्वनी ऐकून घेते. ज्यांना अडतं त्यांना आठवड्यातून काही तास दोघा-चौघांच्या गटात नेते किंवा स्वतः वर्गात येऊन त्यांच्याशेजारी बसते. यासाठी डॉक्टरचा कागद लागत नाही. शिक्षकाला वाटलं, सुरू झालं. कागद नंतर आला तर आला. शाळेतल्या नऊ वर्षांत कधी ना कधी अशी मदत घेतलेली मुलं इतकी असतात की तिच्या खोलीत जाणं वर्गाला वेगळं वाटत नाही. अडचण मोठी असेल तर मदत वाढते, मग लेखी आराखडा होतो. हाताखाली माणसं कमी पडतात, पालिका पैसे कापतात, सगळं सुरळीत आहे असं मी म्हणणार नाही. पण मूल नापास होईपर्यंत वाट बघायची नाही, ही गोष्ट इथल्या शिक्षकांत मुरलेली आहे.

आमच्याकडे मोठ्यानं वाचायला उभं करत नाहीत. मूल आधी विशेष शिक्षिकेबरोबर तो उतारा वाचून येतं आणि मग हवं तर वर्गात वाचतं.

सहावा_माळा

जपानमध्येही काही तासांपुरतं वेगळ्या वर्गात जायची सोय आहे आणि अशी मुलं वाढत आहेत, पण त्यासाठी समितीतून जावं लागतं, वेळ लागतो. इथे मुलाला तारतो तो वर्ग. सहा वर्षं एकत्र झाडलेल्या, वाढलेल्या मुलांना माहीत असतं की याला वाचायला वेळ लागतो, आणि ती थांबतात. शिक्षक चांगला असेल तर. नसेल तर तोच वर्ग जाचक होतो, रिकाम्या बाकाचं मी वर लिहिलंच आहे.

काळा_फळा

ओलेती ताई, परदेशाचं राहू द्या, उद्या करता येईल असं सांगतो. वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा, मुख्याध्यापकांकडे नंतर. तिला विनंती करा की मुलीला न सांगता उभं करू नका, आदल्या दिवशी चार ओळी सांगून ठेवा, घरी तुम्ही दोघी मिळून त्या वाचा. याला कुठलाही कागद लागत नाही, कुठला नियम आड येत नाही. अक्षरांसाठी रव्यावर किंवा वाळूवर बोटानं गिरवणं चालू ठेवा, एका वेळी एकच अक्षर, ‘क’ पक्का होईपर्यंत ‘फ’ला हात लावू नका. आणि तपासणीची तारीख सोडू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे, प्रमाणपत्र आल्यावर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकाची सोय मागता येते.

माझ्या वर्गात अशी दोन मुलं आहेत. बर्फाळ_सकाळ, पहिलीच्या सुरुवातीला ती शिक्षिका काय काय ऐकून घेते ते जरा तपशिलानं लिहाल का? आमच्या पुढच्या शिक्षण परिषदेत मी पाठ घेणार आहे, तोच विषय घेतो. या वेळी सगळ्यांना मुलांजवळ उभं करतो.

बर्फाळ_सकाळ

नक्की, गुरुजी. उद्या आमच्या विशेष शिक्षिकेला विचारून लिहिते. ती फिनिशसाठी करते, मराठीला काना-मात्रा आणि जोडाक्षरं आहेत, तेव्हा जुळवून घ्यावं लागेल. इथे मराठी भाषेचं कोणी असेल तर मदतीला या.